जास्तीचे बावीस किलोमीटर

क्वीन्सटाउनला लोक गाडी सोडून विमानात बसतात.
रिकामी कॅम्परव्हॅन ख्राइस्टचर्चला पोचवायची, हे माझं काम.
डिझेल कंपनीचं. दोन दिवस, मध्ये एक रात्र.
पगार म्हणावा असा नाही;
पण सदुसष्टाव्या वर्षी कुणी हातावर चावी ठेवतं,
हे काय कमी आहे.

गाडी झाडलेली असते, तरी रिकामी कधीच नसते.
चमच्यांच्या खणात तांदळाचे दाणे,
गादीच्या फटीत बाळाचा एक मोजा,
आणि काचेवर, आतून, बोटाने काढलेला डोंगर.
एरवी दिसत नाही,
काच श्वासाने धुरकटली की उगवतो.

क्रॉमवेलला तळं लागतं.
मागच्या खेपेला पंपावर एका जर्मन माणसानं विचारलं,
किती हजार वर्षांचं असेल हो हे?
म्हटलं, माझ्या ब्रेंडनएवढं.
त्याला थट्टा वाटली.
धरणाची दारं लागली तेव्हा ब्रेंडन पोटात होता,
आणि पाणी एडना आत्याच्या जर्दाळूंच्या बुंध्याशी.
आत्या शेवटच्या दिवसापर्यंत
त्या झाडांना पाणी घालत होती.
आता ब्रेंडनला टक्कल पडू लागलंय
आणि तळ्याकाठी पाटी लागलीय : निसर्गरम्य स्थळ.

लिंडिसची खिंड.
दोन्हीकडे पिवळ्या गवताचे डोंगर, झाड औषधाला नाही.
गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हते,
कपाटातले कप एकमेकांना खेटून कुजबुजतात.

खिंड उतरलं की डाव्या हाताला अहुरिरीचा फाटा.
करारात स्वच्छ लिहिलंय, खडीच्या रस्त्यावर गाडी नेऊ नये.
मी इंडिकेटर दिला.
मागेपुढे कुणीही नव्हतं.

नदी इथे एक राहत नाही.
बस चुकेल म्हणून घाईत घातलेल्या वेणीसारखी,
पेड सुटे सुटे,
गोट्यांच्या पांढऱ्या पाठीवर.

अकराव्या किलोमीटरला फाटक.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
हा शेवटचा थांबा.
मोराग डंडस. उतरताना रोज म्हणायची,
थँक्यू, मिसेस रॅट्रे,
आणि रोज एक हातमोजा सीटवर विसरायची.
आता घर नाही, लोकर कातरायची शेड नाही.
फाटक आहे,
कारण ते काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी थांबले.
हात आपसूक बाजूच्या दाराकडे गेला. सरकवलं.
दप्तर सावरत एका पोरीला उतरायला
जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबले.
वारा आत येऊन गेला.
दार लावलं, आरशात पाहिलं,
गाडी वळवली.

रात्री पुकाकीच्या काठावर.
निळं म्हणून भागत नाही असं पाणी :
बर्फानं डोंगर दळला
आणि पीठ इथे सांडलं.
कुणाच्या तरी झोपेच्या खळग्यात मी झोपले.
पहाटे आओराकी ढगात होता.
काचेवरचा होता.
पुसला नाही.

डेपोत तावीता, सामोआचा पोरगा,
यादीवर खुणा करत गाडीभोवती फिरला.
गॅस आहे. भांडी आहेत. चादरी आहेत.
मग मीटरशी वाकून म्हणाला,
नायरी, बावीस किलोमीटर जास्त भरतायत.

रस्ता चुकले, मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं,
चाकांवरच्या पांढऱ्या धुळीकडे पाहिलं,
आणि पाण्याचा पाइप उचलला.