चौऱ्याऐंशी

शेवटचा हप्ता पाच मार्चला गेला.
बँकेचा मेसेज आला तेव्हा मी तुर्भे स्टोअरला
सार्वजनिक नळाखाली बाटली धरून उभी होते,
महापालिकेची पाणी तपासनीस, हातात मोजे,
मागे हंडे घेऊन सात बायका खोळंबलेल्या.
चौऱ्याऐंशी हप्ते.
चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्यावर म्हणे माणसाचा जन्म मिळतो.
मला बँकेचा दाखला मिळाला,
एका पानाचा, शिक्का तिरका.

आणि एप्रिलात युनियनचा कागद आला:
लोकसेवेत दहा वर्षं काढलेल्यांचं
उरलेलं शैक्षणिक कर्ज माफ व्हावं.
बेलापूरच्या कॅन्टीनमध्ये टेबलावर पसरलेला,
पंख्यानं उडू नये म्हणून
कोपऱ्यावर चटणीची वाटी.

भोईर म्हणाला, मग आम्ही फेडलं ते काय मूर्ख म्हणून?
तो माझ्याच तोंडचं बोलला,
म्हणून मला त्याचा राग आला.

इरफान मुकादम हसला.
तो कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी
त्याला एक दिवस घरी बसवतात
आणि बाराव्या महिन्यात पुन्हा नवा करून घेतात.
माझी दहा वर्षं कोण मोजणार, म्हणाला,
मी तर दरवर्षी पहिल्याच वर्षात असतो.

कुणी म्हणालं, खाजगीत गेलो असतो तर दुप्पट मिळाले असते.
कुणी म्हणालं, गेला का नाहीस मग.
कुणी म्हणालं, पैसा येणार कुठून, झाडाला लागलाय?
चहा आला. दोन कमी आले.

शेवंता गायकवाड फरशी पुसत होती.
कमरेत वाकलेलीच म्हणाली,
"मॅडम, मी चौथीत शाळा सोडली.
माझं काय माफ करतील?"
टोमणा नव्हता.
वाशीची बस कुठून सुटते विचारावं,
तसं खरंच विचारत होती.
कुणी उत्तर दिलं नाही.
भोईरनं पाय तेवढे वर घेतले,
खालची फरशी पुसता यावी म्हणून.

मी सही केली. अनुक्रमांक सतरा.
का केली, ते नीट सांगता येणार नाही.
माझा जामीनदार मामा होता,
बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या आवारात माथाडी.
तिसऱ्या वर्षी माझा पगार दोन महिने अडकला
तेव्हा बँकेचे फोन त्याला जायचे.
एकदा म्हणे त्यानं
पाठीवरची गोण न उतरवताच फोन घेतला,
"भरेल पोरगी, भरेल," म्हणत
गाळ्यापर्यंत तसाच चालत गेला.
हे त्यानं नाही सांगितलं.
त्याच्या टोळीतल्या एकानं सांगितलं, लग्नात, जेवताना,
आणि मग जिलेबी वाढायला माणूस आला.

प्रयोगशाळेत दुपारी नमुने लावले.
गोळी विरघळली की पाणी गुलाबी होतं.
गुलाबी म्हणजे ठीक, क्लोरीन आहे, प्या.
घणसोली गुलाबी.
दिघा फिकट, पण चालेल.
तुर्भ्याच्या बाटलीला रंगच येईना.
उद्या पुन्हा जायला हवं.

टेबलावर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक अर्ज होता.
आम्रपाली गायकवाड, नर्सिंग, पहिलं वर्ष, नेरूळ.
शेवंताची मुलगी.
पान चार, खाली रिकामी चौकट:
जामीनदाराची सही.
चिठ्ठी नाही, काही नाही.
फक्त त्या पानाचा कोपरा दुमडलेला.

माफीच्या कागदावर मी उभ्या उभ्या सही केली होती,
पेनसुद्धा इरफानचं.
हा कागद सोमवारपासून ड्रॉवरमध्ये आहे.
आज गुरुवार.
शेवंता रोज येते, ड्रॉवरखालची फरशी पुसते,
नमुन्यांना धक्का लावत नाही,
विचारत नाही.

सुट्टीत मामाला फोन लावला.
मागे हमालांचा गलका, रिव्हर्स घेणारा टेम्पो.
म्हटलं, एक विचारायचं होतं.
तो म्हणाला,
"थांब, गोण उतरवतो आधी."