पलीकडची ओल

जांबोटीच्या जांभ्यात रॉड तीन फुटांपुढे जात नाही.
घणाचा घाव उलटा मनगटात येतो,
तांब्याचं डोकं चावलेल्या दातवणासारखं फुलतं.
सत्तावीस वर्षं उद्यमबागेतल्या फौंड्रीत लोखंड ओतलं मी,
धातू कधी हट्टाला पेटतो ते मला कळतं.
हा हट्ट धातूचा नव्हता.

परसात साठ फुटी टॉवर.
तीन पायांना तीन रॉड, तिन्ही अर्धवट.
संध्याकाळी बोर्निओतला एक म्हातारा बोलतो माझ्याशी,
तिकडे पाऊस आहे म्हणतो, गुडघे दुखतात म्हणतो.
भिंतीपलीकडे नागोजी खोकतो, तेही येतं कानावर.
भाऊ आहे. त्याला उत्तर द्यायचा परवाना
वाटणीच्या दिवशी रद्द झाला, नऊ वर्षं झाली.

मागच्या वैशाखात टॉवरवर वीज उतरली.
खाली जागा मिळेना तिला,
मग केबलमधून घरात, घरातून भिंतीत,
भिंतीतून त्याच्या स्वयंपाकघरात.
माझा रेडिओ आणि त्याचा मिक्सर
एकाच क्षणी गेले. वास मात्र दोन्हीकडे एकच.

फकीराप्पा कम्मार मीटर घेऊन आला खानापुराहून.
तो जमिनीला नेल म्हणतो, आम्ही जमीन म्हणतो,
काटा दोघांनाही एकच आकडा सांगतो : एक्केचाळीस ओहम.
‘घराला दोन अर्थ ठेवलायसा मालक,’ तो म्हणाला,
‘दोन अर्थ असले की फरक पडतो.
फरक पडला की वीज मधून जाते.
बांधा एकमेकांना. आणि ओल शोधा.’

ओल कुठं आहे ते मला ठाऊक होतं.
भिंतीपलीकडे, शेवंता वहिनी भांडी घासते तिथं,
केळीच्या बुडाशी.

तीन दिवस मी तांब्याची पट्टी नुसतीच सरळ करत बसलो.
चौथ्या दिवशी पुढच्या दारानं गेलो, पाहुण्यासारखा.
काय बोलायचं ते मोर्समध्ये पाठ केलं होतं,
तोंडातून निघालं एवढंच : ‘चर खणायचा होता.’
नागोजी पेपरातून वर बघेना.
वहिनी म्हणाली, ‘खणा की.
केळीची मुळं तेवढी सांभाळून.’

भिंतीच्या पायाखालून दीड फूट खोल चर.
वीज काटकोनात वळत नाही,
म्हणून पट्टी मोठ्या वळणानं नेली,
चिडलेल्या माणसाला समजावत न्यावं तशी.
टॉवरच्या जस्ताला तांबं थेट लावायचं नसतं,
ओलीत ते एकमेकांना खातात.
मध्ये कथिल चढवलेली पट्टी घातली.
तेव्हा मला वहिनी आठवली, पण ते फकीराप्पाला कसं सांगणार?

केळीजवळ रॉड लोण्यात जावा तसा निघाला.
पहिल्या घावाला मात्र कुणीतरी तो उभा धरावा लागतो.
फकीराप्पा साच्यात भुकटी भरत होता.
मी घण उचलून थांबलो.
नागोजी उठला, लुंगी खोचली,
येऊन दोन्ही हातांनी रॉड धरला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘मार. हातावर मारू नको म्हणजे झालं.’

मग साच्यात पांढरा उजेड झाला,
सूर्य मुठीत मावावा एवढा.
आम्ही तिघांनी माना वळवल्या.
काटा साडेसहावर आला.

अजूनही फार बोलत नाही आम्ही.
मिक्सर नवा आणलाय, त्याची घरघर
माझ्या रेडिओत आता पूर्वीइतकी येत नाही, एवढं सांगितलं मी त्याला.
तो ‘बरं’ म्हणाला.

दर रविवारी मी मीटर लावतो, वहीत आकडा लिहितो.
सहा. साडेसहा. सहा.
चैत्रात एकदा अकरा आला.
नट बघितला, क्लॅम्प बघितला, सगळं घट्ट.
मग लक्षात आलं,
चार दिवस पलीकडे भांडी वाजली नव्हती,
लेकीकडे फोंड्याला गेली होती दोघं.

बादली भरली.
पुढच्या दाराला कुलूप होतं,
म्हणून भिंतीवरून वाकून
केळीला पाणी घातलं.