चकणी

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात
फ्रिजच्या दारावर एक बाई राहते.
फ्रिज कित्येक वर्षं बंद आहे,
आत तांदूळ, एलआयसीचे कागद, एक छत्री.
बाई चालू आहे.

तात्यांनी तिला फळांवरच्या स्टिकरांतून घडवली.
वाशीच्या फळबाजारात पाठीवर पेट्या, तीस वर्षं,
आणि संध्याकाळी खिशातून निघायची
वाराईच्या चिठ्ठीला मागून चिकटवून आणलेली
इवलाली, लंबगोल, चकचकीत ही मिळकत.
आई म्हणायची, लोकांचे नवरे फळं आणतात,
आमचे सालीवरची लेबलं.

बाई मूळची साडेआठच्या मालिकेतली. थोरली काकू.
झोपतानाही जरीचं नेसायची.
तिनं भुवई उचलली की कॅमेरा तीनदा धावत यायचा, वीज कडाडायची,
आणि शेजारच्या पार्टेमामी
आमच्या घरात, आमच्या चटईवर
गं बया करून तोंडाला पदर लावायच्या.
किती जणांना विष घातलं याचा हिशेब आईकडे.

भुवया किवीच्या.
ओठ लाल सफरचंदाचे, एकावर एक बारा.
अंबाडा हापूसच्या पेटीतला पेंढा, बूटपॉलिश चोळून काळा केलेला,
त्यावर गजरा म्हणून
पेअरला घालतात ती फोमची पांढरी जाळी.
कुंकू मोसमाप्रमाणे बदलायचं.
मे महिन्यात कपाळ मोकळं,
हापूसला तेव्हा कोण स्टिकर लावतंय?
आई म्हणायची, हिचा नवरा दरवर्षी आंब्यात मरतो.

प्रणित आकडे तिच्या तोंडावर शिकला.
शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं
चार, शून्य, तीन, शून्य,
वाच म्हणाल्या.
हा म्हणाला, भुवई.

उजवा डोळा निळा, मधोमध पांढरा ठिपका,
कुठल्यातरी थंड देशातल्या पेअरचा. एकच मिळाला.
डाव्यासाठी तात्या थांबले.
निळे पुष्कळ आले. नखानं उचलून
ट्यूबलाइटखाली धरून बघायचे,
नाही म्हणायचे, जोडीचा नाही.
मालिका संपली. शेवटच्या भागात सगळ्यांनी काकूला माफ केलं,
आई आठवडाभर धुमसत होती.
मग तात्यांचा खांदा गेला, खांद्यामागून बाजार गेला.
भंगारवाला फ्रिजचे तीनशे म्हणाला.
आईनं चारशेसुद्धा ऐकून घेतले नाहीत,
घरात बाईमाणूस आहे म्हणाली
आणि दार लावलं.

परवा सीवूड्सच्या मॉलमध्ये,
गारठ्यात, आरशासमोर मांडलेल्या फळांत
तो दिसला. निळा. ठिपक्यासकट.
एक पेअर, एकशे दहा रुपये.
वजन करणाऱ्या पोरानं बिलाचं स्टिकर
नेमकं त्याच्यावरच थापलं.
नेरूळपासून तुर्भ्यापर्यंत, बसमध्ये,
मांडीवर पेअर घेऊन
मी एक कागद दुसऱ्या कागदापासून सोडवत आले.
शेजारची बाई म्हणाली, धुऊन खा.

तात्यांनी स्टिकर मनगटावर लावून घेतलं.
पेअरच्या चार फोडी केल्या, एक पार्टेमामींना.
पाणचट आहे म्हणाले,
आम्ही उतरवायचो तेव्हा वासानं कळायचं.
आणि डोळा?
राहू दे, म्हणाले. एका डोळ्याची सवय झालीय तिला.

सकाळी उठले तर डोळा जागेवर.
जागेवर म्हणजे, जरा खाली
आणि ठिपका सगळा गॅसच्या बाजूला.
तात्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही.
प्रणित पुण्याला.
मी झोपले होते.

आई पोळ्या लाटत होती,
रोजच्यापेक्षा मोठ्यानं.
बघ, म्हणाली,
माझ्याकडे पाठच होती तिची,
बघ, अशी फुगली पाहिजे.