न हलणारी फाईल

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. रात्रीचे साडेदहा.
डायनिंग टेबलावर लॅपटॉप, चार्जर लावलेला,
शेजारी बाबांचा चष्मा आणि अर्धी सोललेली मोसंबी.
डिस्क एकच. डावीकडे बाबांचं विंडोज,
त्यात सोसायटीच्या मेंटेनन्सची खाती,
एकोणीस वर्षांची इतिवृत्तं.
उजवीकडे माझं उबुंटू, चाळीस जीबीत कोंबलेलं,
सकाळपासून एकच सांगतंय, जागा संपली.

"तुमच्याकडे नव्वद रिकामे आहेत," मी म्हटलं,
"त्यातले साठ द्या."
"घे की. मला काय करायचेत?"

देणं इतकं सोपं.
पण विंडोजला विचारलं, किती आकसशील,
तर म्हणालं, अकरा.

बाबांनी चष्मा लावला.
तेहतीस वर्षं सर्वेक्षणात साखळी धरलेला माणूस,
सेक्टर हा शब्द इथल्या चिखलाला ठाऊक नव्हता
तेव्हा त्यात खुंट्या ठोकलेला.
माझ्या कुठल्याच पडद्याकडे ते आजवर असे वाकले नव्हते.
"हा नकाशा आहे."
"नकाशाच."
"मग मधे हे पाचशे एमबी कोणाचे?"
"रिकव्हरी. वापरत कोणी नाही, काढायचंही नाही."
"आरक्षित भूखंड," बाबा म्हणाले
आणि मोसंबीची एक फोड माझ्या हातावर ठेवली.

मी सांगत गेले :
रिकाम्या जागेच्या पार टोकाला
एखादी फाईल बसलेली असते.
निजताना विंडोज आपलं सगळं ध्यान जिच्यात ठेवतं, तसली.
ती जागची हलत नाही.
आणि ती हलत नाही तोवर
तिच्या अलीकडचं सगळं
रिकामं असूनही सुटत नाही.

बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "चांगुणाबाई."

"घणसोलीच्या अलीकडे. संपादन झालेलं,
शेतं, मिठागर, सगळं. मोबदला वाटलेला.
नकाशावर वीस मीटरचा रस्ता
आणि रस्त्याच्या मधोमध तिची चूल.
आम्ही साखळी ताणली
की ती नेमकी तिथेच जवळा वाळत घालायची.
रोज. चहा पण द्यायची, कोरा."

"मग?"

"मग काय. साहेबांनी टिपणीत लिहिलं,
जागा रिकामी."

फ्रिज सुरू झाला, थांबला.
मी ती फाईल बंद केली, मशीन पुन्हा चालू केलं,
विंडोज मुकाट्याने बासष्टवर आलं.
"उतारा घेतलास का आधी?" बाबांनी विचारलं.
"बॅकअप? घेतलाय."
"दोन प्रती?"
"एक."
ते नुसते बघत राहिले. मी दुसरी घेतली.

मग पेनड्राइव्हवरून जीपार्टेड.
आरक्षित भूखंड उचलून डावीकडे,
त्यामागून माझं अख्खं घर, कणाकणाने डावीकडे.
उरलेला वेळ दोन तास चौदा मिनिटं.
मधेच थांबवू नका.

आईची सवय अशी की झोपण्याआधी
ती घरभर फिरून बटणं बंद करते.
बाबांनी खुर्ची ओढली, प्लगपाशी बसले,
पाठ भिंतीला, हात बटणावर आडवा.
आई आली, त्यांच्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं,
"काय चाललंय हे?"
"मोजणी," बाबा म्हणाले.
ती हॉलमधला दिवा तेवढा विझवून गेली.

पावणेदोनला पट्टी भरली.
काळ्या पडद्यावर दोन नावं, एकाखाली एक,
कोणाला उठवायचं ते विचारणारी, दहा, नऊ, आठ.
आधी बाबांचं उघडलं. खाती जिथल्या तिथे.
मग माझं. शंभर जीबी, ऐसपैस.

मला वाटलं बाबांना डुलकी लागली.
"त्या फाईलीचं काय केलंस?"
"पुन्हा चालू केली. विंडोजने दिली तिला जागा
दुसरीकडे."
"कुठे?"

मी नकाशा पुन्हा उघडला.
निळा पट्टा, त्यात पांढरा रिकामा भाग.
आत कोण कुठे बसलंय ते यात दिसत नाही.
"इथेच कुठेतरी असेल," मी म्हटलं.

बाबांनी हात बटणावरून काढला नव्हता.
"बघून सांग," ते म्हणाले.