अर्धा इंच माया

वेंगुर्ल्याला बंदराच्या रस्त्यावर माझं दुकान.
एक मशीन, पारा उडालेला आरसा,
आणि मापांची वही.
सरोजिनी कुबल म्हणजे पान एकोणीस,
कोपऱ्यात माशाचं खवलं चिकटून वाळलेलं.

पहिलं माप : कंबर एकतीस, दंड बारा.
बांगड्याची पाटी डोईवर चढवणारा दंड,
टेप त्याच्यावर ताठ बसायची.

पुढच्या चतुर्थीला कंबर चौतीस.
वय झालं, म्हटलं. बायांचं होतंच.
शिमग्याला सदतीस,
आणि दंड साडेदहा.
चष्मा पुसला. पुन्हा मोजलं.
साडेदहाच.

अंग भरतं तेव्हा सगळीकडून भरतं,
माझ्या कात्रीला एवढं कळतं.
एका बाईत दोन बायांची मापं कशी?

ब्लाऊज परत आला. पाठ वर चढते म्हणाली.
मी गळा उसवला, पुन्हा बसवला, पुन्हा चढला.
रात्री दिवे गेलेले, मेणबत्तीपाशी बसून
मी माझ्या हातांना शिव्या घातल्या.
चूक माझी नव्हती.
तिच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मधे,
कुणी न भरलेली एक उशी भरत चालली होती.

जेटीवर लिलावाच्या वेळी कुणीतरी हसून विचारलं,
"कितवो म्हयनो गो, सरू?"
नवरा जाऊन तिला नऊ वर्षं झालेली.
ती सुरमईचा भाव सांगत राहिली. मोठ्यानं.

डॉक्टर म्हणाले, भात सोडा, चाला.
तिनं भात सोडला.
पहाटे दीपगृहापर्यंत चालत जायची,
जिन्यावर मांड्या थरथरायच्या, बसून घ्यायची.
कंबर एक्केचाळीस.
"मी काय खातंय ता माका म्हायत," एवढंच म्हणाली,
आणि परकरची नाडी सोडून मला पोट दाखवलं.

जांभळ्या रेघा. बोटभर रुंद, खालून वर चढलेल्या,
जणू कुणी खडूनं कापायच्या जागा आखल्यात.
मी आखलेल्या नव्हत्या.
टेप जरा ओढली तर तिथं काळंनिळं उठलं.

मग मी एक काम केलं, टेलरचं.
बिलाच्या पाठी पाच वर्षांची मापं उतरवली,
कंबर एका रांगेत, दंड दुसऱ्या.
म्हटलं, पोट नंतर दाखव. आधी हा कागद दे.

कुडाळची नवी डॉक्टर, पोरगेलीशी,
कागद वाचून खुर्चीतून उठली म्हणे.
चेहरा पाहिला, मान पाहिली, हात दाबले.
भाताबद्दल एक अक्षर नाही.

चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून
सरोजिनी बांबोळीला निघाली.
एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "खोबरेल काय गे?"
"होय," म्हणाली, "घाणीचा."

डोक्याच्या बुडाशी चवळीएवढी गाठ.
ती हुकूम सोडत होती, कॉर्टिसॉल का काय त्याचा,
आणि शरीर बिचारं ऐकत होतं :
हातापायांचं मांस काढ, पोटावर चरबी रच.
नाकातून काढली.
"कोळंबीची शीर वडतत ना," ती मला समजावत होती, "तशी."

नंतरचं वर्ष काही गोड नव्हतं.
गोळ्या चुकल्या की भोवळ यायची.
पाटी उचलायला पोरगी ठेवली,
जेटीवर जायची ती नुसती बसायला.

आज माप घेतलं. कंबर पस्तीस, दंड अकराला थोडा कमी.
जुनाच ब्लाऊज आणलेला, चारदा सोडवलेला.
आत घेताना दिसल्या उसवलेल्या शिवणींच्या रांगा,
सुईची भोकं, एकापलीकडे एक,
भरती कुठवर येऊन गेली ते वाळूत दिसतं तशी.
आत मी नेहमीच अर्धा इंच माया जास्त सोडते.
म्हटलं, आता ही कापून टाकू?
"नको. आसांदे."

मग तिनं माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली,
माझ्याच दंडाभोवती गुंडाळली,
आणि आकडा लिहायला वही चाळू लागली.
तीस वर्षांची वही.
माझं पान त्यात नव्हतं.