अंगाबेताने

फेरलाखच्या त्या गल्लीत मार्च उलटला तरी
द्राऊ नदीवरचा वारा बर्फ हुंगत फिरतो.
ओराझनिक म्हाताऱ्याचं दुकान: जवसाचं तेल,
भिंतीशी उभ्या अक्रोडाच्या फळ्या,
प्रत्येकीच्या पाठीवर खडूने झाड पाडल्याचं साल.

"कोट राहू द्या," तो म्हणाला,
"डोंगरात घालता तोच ना? मग त्याच्यासकट माप."
हिवाळाभर ज्याने त्याने आधी कोटच काढायला लावला होता,
मग सदरा, मग उरलंसुरलं.
बटणं लावून घ्या म्हणणारा हा पहिलाच.

त्याने हातात दिली ती बंदूक नव्हतीच.
बिजागऱ्या, पितळी पट्ट्या, फिरकीचे स्क्रू;
दस्ता हवा तसा लांबतो, वाकतो, कलतो.
सगळ्यांच्या अंगाला येणारी,
म्हणून कुणाचीच नसलेली.
"डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा. काय दिसतं?"
"तुमचा कान."
"मी बोट नाकावर ठेवलं होतं."
आणि एक स्क्रू पाव फेरा.

कोपरापासून चापाच्या बोटापर्यंत,
गालाच्या हाडापासून डोळ्याच्या बाहुलीपर्यंत,
मान किती झुकते, किती झुकायला तयार नसते.
गिऱ्हाइकाशी तो जर्मन बोलतो,
आकडे मात्र पुटपुटतो आईच्या स्लोव्हेनमध्ये,
जणू ते लाकडाला कळायला हवेत, मला नव्हे.

मग खणातून माझंच जुनं कार्ड निघालं.
एकोणीस वर्षांपूर्वीचं, शाई तपकिरी झालेली:
त्सविटर, ग्रेटा. वनरक्षक. उजवी.
टोक बाहेर: नऊ मिलिमीटर.
बाईच्या छातीला बोचू नये म्हणून
दस्त्याचं खालचं टोक असं बाहेर वळवतात.
त्याने स्क्रू नऊवर आणला, मी खांद्याला लावलं,
आणि पितळी पट्टी हवेत राहिली.
तिच्यामागे टेकायला काही नव्हतं.

त्याने कार्डाकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं.
माझ्याकडे पाहिलं नाही.
नळीला टांगलेला ओळंबा हलत होता,
तो थांबेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.
मग फिरकी उलटी. आठ. सहा. चार.
दोनवर पट्टी अंगाला लागली, सपाट,
जिथे आता शिवणीची रेघ आहे तिथे.
"दणका कुठे सोसवेल?" एवढंच विचारलं.
मी दोन बोटं वर, जरा बाहेर दाखवलं.
त्याने तिथे कोटावर खडूची खूण केली.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची सोय
म्हणीत असेल. इथे खांदा आपलाच लागतो,
आणि आहे तसा.
त्याच्या मापात पाप नव्हतं,
दयाही नव्हती. मला तेच हवं होतं.
नऊ त्याने खोडले नाहीत.
शेजारी पेन्सिलीने दोन लिहिले, आणि तारीख.

"जुना दस्ता घरी न्याल?"
"राहू द्या. येईल कुणीतरी
माझ्या जुन्या मापाची."
तो हसला नाही. हो म्हणाला.

फळी मीच निवडली: गाठीजवळून
रेषा वळसा घालून गेलेली, एका बाजूला काळी.
तेलाचे सात हात द्यायचे,
प्रत्येक हात आठवडाभर वाळायचा.
"जूनमध्ये या. रायबॉक उन्हाळी रंगात येईल तोवर."

बसथांब्यावर कुणी नव्हतं.
डोळे मिटले, छत्री खांद्याला लावली, उघडले.
वाटलं होतं समोर कारावांकेनचा सुळका असेल.
कुठला सुळका, बेकरीचं धुराडं.
एका कुत्र्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवली.
छत्री काय,
ती कुणाच्याच मापाची नसते.