चार बोटं

परसात पाणी थांबतंय, एवढंच सांगायला
पुन्नाप्पा गवंड्याला बोलावलं.
त्यानं चहा घेतला, आणि काही न बोलता
शेवग्याजवळ हातभर खड्डा खणून
त्यात बादलीभर पाणी ओतलं.
"जिमीन काय म्हणत्याय बगूया," म्हणाला, आणि गेला.

मी तोवर तीन कागद केले होते.
एकावर शोषखड्डा : विटांचे तुकडे, वाळू, वर फरशी.
दुसऱ्यावर भोकांची पाइप, खडीत पुरलेली,
हनुमाननगरात बंगल्यांना घालतात तशी,
वर हिरवळ, खाली गुपचूप वाहणं.
तिसऱ्यावर साधं उघडं गटार.
तो कागद सगळ्यांत खाली ठेवला होता.

संध्याकाळी खड्ड्यात आभाळ होतं.
सकाळीही होतं, एक बोटही न उतरलेलं.
वडगावची काळी माती.
भात पिकवते, भिंती तडकवते,
आणि एकदा प्यायली की ओठ मिटून बसते.
शोषखड्ड्याचा कागद पुन्नाप्पानं
तंबाखूच्या पुडीला घेतला.
"पाइप चांगली की. पर ह्या मातीत
तीन वर्सांत तोंड बुजतंय.
मग कुठं बुजलं, कुनाला इचारणार?"

मधल्या खोलीत मागाचा खड्डा आहे.
माग विकून एकवीस वर्षं झाली,
खड्डा विकता येत नाही.
वर फळ्या टाकून त्यावर टीव्ही ठेवला.
आषाढात फळ्या फुगतात,
आणि जिथं दादांचे पाय दिवसभर
पावड्यांवर खालीवर व्हायचे
तिथं गुडघाभर पाणी येऊन उभं राहतं,
कामावर आल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी पुन्नाप्पानं नळी आणली,
आरपार दिसणारी, पाण्यानं भरलेली.
एक टोक माझ्या हातात.
दुसरं कंपाउंडपलीकडं, शंकरव्वांच्या.
त्यांच्याशी मी दोन पावसाळे बोलले नव्हते,
पाणी त्यांच्या न्हाणीचं येतं, असं धरून.
"हालू नका ओ," तो मला म्हणाला,
"अलुगाडबेड्री," त्यांना.
आम्ही दोघी हाललो नाही.
पाणी जरा डुचमळलं,
मग तिकडं आणि इकडं
सारख्याच उंचीला येऊन गप्प झालं.

त्यानं खडूनं रेघा मारल्या, हात लावून मोजलं.
चार बोटं.
माझंच परसू चार बोटं घराकडं कललेलं.
"नोड्री," शंकरव्वा म्हणाल्या. एवढंच.
टोमणा मारायला जागा होती,
त्यांनी ती तशीच सोडली.

चर खणताना वीतभर खाली
माती रंगीत निघाली :
मोरपंखी, आमसुली, मध्ये राखेचा जाड थर,
परत मोरपंखी.
एक कांडी निघाली, सूत कुजलेली.
रंगाच्या चुलीची राख, खळीचा गाळ,
घराला घाण नको म्हणून दादा
रोज उचलून लांब टाकायचे, कुंपणाच्या कडेला.
रोज थोडं. तीस-बत्तीस वर्षं.
चार बोटं उंची तिथं आली होती.

पुन्नाप्पा फावडं टेकून उभा राहिला.
काढू का, असं त्यानं विचारलं नाही,
मीही नको म्हटलं नाही.
थर निम्मा काढला. निम्मा गटाराच्या भिंतीमागं राहिला.

उघडंच गटार केलं.
दहा फुटाला एक बोट उतार,
शंकरव्वांच्या कढीपत्त्याला वळसा घालून
(तेवढी एकच अट होती त्यांची)
बोळातल्या नगरपालिकेच्या गटाराला मिळणारं.
पानं अडकतात. काठीनं काढावी लागतात.
कधी त्या काढतात, कधी मी.

परवा रात्री लागून पडला.
उठून फळी उचलली, बॅटरी मारली.
तळाशी ओल होती. पाणी नव्हतं.
टीव्ही अजून जागेवर ठेवलेला नाही.